सोनमचा कान

सांगोला,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना सिद्धेश्वरीचे शरणार्थ. वि. वि.

परवा फोनवर मी ताप म्हटलं, तुम्ही साप ऐकलंत आणि अव्वाला घाबरवलंत. आपलं पत्रच बरं.

शाळेत आरोग्य पथक येऊन गेलं. डोळे, दात, वजन, सगळं तपासलं. माझ्या चौथीतल्या सोनमपाशी डॉक्टर थांबल्या. तिच्या कानाच्या पडद्याला भोक आहे. कान वाहतोय, आता दुसराही बिघडायला लागलाय. पोरीला निम्मं ऐकूच येत नाही, आणि वर्गातली पोरं तिला येडी म्हणतात.

ऑपरेशन सोलापुरात मोफत होणार आहे. पण तिची आज्जी सोजरबाई तयार नाही. आईवडील पुण्याला कामाला, पोर आज्जीच्या हवाली. मी, गावच्या आरोग्यसेविका आशाताई आणि हेडमास्तर, तिघं जाऊन आलो. सोजरबाई म्हणते, कान समद्यांचंच फुटत्यात, लसणाचं गरम तेल घातलं की थांबतंय. कापाकापीत पोरीचं काय झालं तर तिच्या आईला काय तोंड दावू? रागानं नाही हो, भीतीनं बोलते. काय करू?

तुमची सिद्धू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर,
१८ नोव्हेंबर

चि. सिद्धूस अप्पांचे आशीर्वाद.

तुला कधी सांगितलं नाही. लहानपणी माझाही कान असाच वाहायचा. माझी आई ईरम्मा, तिनंही मायेनंच गरम तेल ओतलं. मास्तर फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, मला काही कळायचं नाही. लोकांना वाटतं या धोंडप्पानं, म्हणजे मी, दुकानासाठी शाळा सोडली. ते खरं नव्हे.

तू जन्मलीस तेव्हा तुझं रडणं तुझ्या अव्वानं, सगळ्या घरानं ऐकलं. मी उजवा कान तुझ्या तोंडाशी नेला, तेव्हा मला ऐकू आलं. आता तोही कान गेला.

रविवारच्या एसटीनं येतोय. सोजरबाईंकडं घेऊन चल. मात्र मधे मधे बोलू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

अप्पा

सांगोला,
२४ नोव्हेंबर

ती. अव्वास शरणार्थ.

फोनवर सांगताना रडू येईल, म्हणून ही चिठ्ठी अप्पांच्याच हाती देते.

सोजरबाईनं विचारलं, पाव्हणं कुठलं? अप्पांना ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ती एवढी ओरडली की दावणीच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, की आई, उद्या तुमच्या सोनमलाही असंच ओरडून विचारावं लागेल. आणि ती नांदायला गेल्यावर तिथं कोण एवढ्या मायेनं ओरडणार?

सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, कवा न्यायचं? म्या बी येणार.

अव्वा, ती आपल्याकडंच उतरेल. तिला ज्वारीची कडक भाकरी लागते, आधीच सांगून ठेवते.

सिद्धू

सांगोला,
२० मार्च २०२५

ती. अप्पांना शरणार्थ. वि. वि.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सोनमला पुन्हा तपासलं. पडदा छान धरलाय, ऐकणं बरंच सुधारलंय.

आता नर्सताई, अंगणवाडीच्या बाई आणि आम्ही मिळून दर महिन्याला पोरांचे कान, दात, डोळे बघतो. पालकसभेत मी कानात तेल घालू नका म्हणून सांगत होते, तर सोजरबाई मधेच उठली आणि तिनं बायकांना दटावलं, की बाई सांगत्यात ते ऐका, म्या लई तेल वतलंय, त्यानं कान बरा होत न्हाय.

काल त्यांच्या घरी गेले. सोजरबाई नेहमीसारखी ओरडून नातीला जेवायला हाका मारत होती. सोनम समोरच बसली होती. ती म्हणाली, की आज्जे, हळू बोल की, येतंय मला ऐकू.

म्हातारी उंबऱ्यातच बसली. मग तिला जवळ घेऊन कितीतरी वेळ अगदी हळू आवाजात काहीबाही विचारत राहिली. भूक लागली का, पाणी देऊ का, शाळंत काय शिकवलं. आणि सोनम दरवेळी व्हय, व्हय म्हणत होती.

अप्पा, आम्हा सगळ्यांवर तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची,
सिद्धू