नाडी सैल झालेली थंडी

चि. हवामानवाल्या भाचीस,

मामाचे थरथरते आशीर्वाद. (अक्षर वयानं हललेलं नाही, गारठ्यानं हललंय.) तू आणि जावईबापू ठणठणीत असाल असं धरून चालतो, कारण तुमच्या घरात ऊब आहे. आमचं विचारू नकोस. नळ गोठलाय आणि तुझी मामी कालपासून माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलतेय.

याला कारण तू. लग्नाचे कपडे शिवून घ्यायला आलीस, तेव्हा माप देता देता तूच म्हणालीस ना, की पृथ्वीचं सरासरी तापमान वाढतंय? मी पडलो शिंपी, माझं डोकं कात्रीसारखं चालतं. तू जाताच घरातल्या सगळ्या कोटांची अस्तरं उसवली, जाड पडद्यांमधला कापूस काढला आणि त्याच्या उशा शिवून विकल्या. (खपल्याही झटपट.) थंडीचे दिवस संपले, असं गल्लीभर सांगत सुटलो. आता तीच गल्ली मला बघून दात वाजवत हसते.

काल फोनवर तू खुलासा केलास. ध्रुवावरची थंडी वाऱ्याच्या पट्ट्यानं आवळून धरलेली असते. ध्रुव इतरांपेक्षा जास्त तापतोय, म्हणून तो पट्टा कधीकधी सैल पडतो आणि थंडी खाली घसरते, नाडी सुटलेल्या पायजम्यासारखी. (यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हेही जोडलंस, म्हणजे मला धड भांडताही येईना.) आणि सरासरी म्हणे अख्ख्या पृथ्वीची, आपल्या गल्लीची नव्हे! अगं, हे तेव्हाच नाही का सांगायचं? सगळ्या गिऱ्हाइकांच्या मापांची सरासरी काढून कोट शिवत नाहीत, एवढं मला कळतं. पृथ्वीच्या बाबतीत मात्र माझी अक्कल गहाण पडली.

आता खरी धास्ती सांगतो. उद्या दुपारी माझी लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येतेय. दिवस भरायच्या आधीच आलेलं, एवढंसं बाळ. खोली उबदार हवी, हयगय चालणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आणि इथं खोलीत बोललं तरी तोंडातून वाफ निघते. मी सकाळपासून उसवलेलं परत शिवतोय, पण सुई निसटते. मला फार भीती वाटतेय गं.

तुझा मामा

ता. क. फोनच केला असता, पण तो मामीजवळ असतो आणि पुढचं तिच्या कानावर जायला नको. शेजारी तुमच्याच बाजूला निघालेत, त्यांच्या हाती पत्र देतोय.

ता. क. दुसरा. लग्नात तुम्हाला दिलेला हीटर नवा नव्हता. आमचाच होता, नीट पुसून दिला. तो दुरुस्तीला गेलाय असं मामीला वाटतं. उद्या सकाळी घेऊन ये आणि दुकानातून आणला म्हण.

ता. क. तिसरा (अक्षर मामीचं). पाकिटावर पत्ता घालायला यांनी नेहमीसारखं पत्र माझ्याकडेच दिलं. हीटर राहू दे तुझ्याकडे. गाडी घेऊन सरळ दवाखान्यात ये. बाळ, बाळंतीण आणि मी तिथूनच तुझ्या घरी येतो. वाटेत यांनाही घ्यावं लागेल. बोटं निळी पडलीत, पण ते सांगायचे नाहीत. तुझ्याकडे आल्यावरही मी त्यांच्याशी बोलणार नाहीये, तेवढं त्यांना तू सांग.