उतरल्यावर फिरलेलं विमान

सर, आपलं पिवळं विमान मोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

माझ्या हातून ते पहिल्यांदा धावपट्टीवर फिरलं तो दिवस आठवतो. टेकलं होतं छान. मी पाय सैल सोडले आणि शेपूट गर्रकन पुढे आलं, पंखाचं टोक डांबराला घासलं. तुम्ही ओरडला नाहीत. मला टायरच्या काळ्या रेघेवरून चालायला लावलंत आणि रेघ वाकली होती तिथं थांबवून म्हणालात, "दोष वाऱ्यावर ढकलू नगंस. शेपटीला चाक असलेलं विमान थांबल्याबिगर उतरलं म्हणायचं न्हाई, रं." मग साताऱ्यातून पातळ तळव्याचे कापडी बूट आणून दिलेत, शेपूट वळवणारं पेडल पायाला कळावं म्हणून.

गेल्या महिन्यात मी मागच्या सीटवर शिकवायला बसलो होतो. पुढे आटपाडीची एक मुलगी, तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. उसाकडून आडवा वारा येतोय, ती तरीही नीट टेकवते, आणि मी मनातल्या मनात तिला शाबासकी देतो. तेवढ्यात शेपूट सरकतं. ती घाबरून नको त्या पायावर दाब देते. मी दुसरा पाय मारेपर्यंत विमान फिरलेलं असतं. एक चाक मोडलं, पंख मातीत रुतला. आम्हा दोघांना खरचटलंही नाही. ती पट्टा न सोडता बसून राहिली. माझा पाय उशिरा पडला, हे मी तिलाही सांगितलं आणि चौकशीतही. तिला ते पटलं नाही. वडील येऊन तिला घेऊन गेले.

मी चार-दोनदा फोन केला. शेवटी वडीलच म्हणाले, "सर, ती दुकानात बसती आता. विमानाचा आवाज आला की आत जाती. तुमी फोन नका करू." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

विमान दुरुस्त होणार नाही. तसलं दुसरं संस्था घेणारही नाही, आणि ते शिकवणारा मी एकटाच उरलो होतो, म्हणून माझं कामही संपलं. हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून इतकं लिहिलं. घरी मात्र अजून काही बोललेलो नाही. रोज सकाळी बायकोनं भरलेला डबा घेऊन कोरेगावातून निघतो, सातारा स्टँडवर दिवसभर बसतो आणि संध्याकाळी डबा रिकामा करून परत येतो.