चारोटीला उजवीकडे

प्रिय बाय,

तुझं नाव ठेवायचं राहूनच गेलं. तू पाचवीच्या पूजेपर्यंतही थांबली नाहीस. गाडीत मी तुला बाय म्हणत होते, म्हणून इथेही तेच लिहिते. मी वनिता, तुझ्या बाबांची धाकटी बहीण. तुझी आत्या.

परवा तुझ्या आईला मी खरं सांगितलं. तीन वर्षं तिला भलतंच सांगत आले होते. परवापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही, आणि बोलावं असं मलाही कुणी उरलेलं नाही. म्हणून तुला लिहितेय. त्या दिवशीचं सगळं तुला ठाऊकच आहे. तुझ्यापासून काय लपवू?

झालं असं. गेल्या हिवाळ्यापासून आपल्याकडे जमीन हलते. तलासरी, डहाणू, सगळीकडे. पाड्यातल्या निम्म्या घरांच्या भिंतींना भेगा गेल्यात. परवा सकाळी जोराचा धक्का बसला, तशी वहिनी तुझ्या भावाला काखोटीला मारून अंगणात धावली. हो, तुला एक भाऊ आहे, दीड वर्षाचा. भांडी पडायची थांबली. वहिनी चिंचेखाली बसली. मग म्हणाली, "वनिता, मोठी असती तर मी आधी कुणाला उचललं असतं गं?"

मी तुझ्या भावाच्या केसांतली माती झाडत होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "निघाल्या निघाल्या गेली. तिला काही कळलंही नाही."

हे वाक्य माझंच होतं. तीन वर्षांपूर्वी मीच तिच्या तोंडात घातलेलं. पण परवा ते तिच्या तोंडून ऐकवेना, आणि मी म्हटलं, "वहिनी, ती निघाल्या निघाल्या नाही गेली."

तू जन्मलीस ते भातकापणीचे दिवस होते. वहिनीला आठवा महिना होता. पहाटेच अंगावरून जायला लागलं म्हणून तुझी आजी आणि मी तिला जीपने तलासरीच्या एका छोट्या प्रसूतिगृहात घेऊन गेलो. तिथे पोट कापून तुला काढलं. तुझ्या आईला पूर्ण भूल दिली होती. तुझे बाबा उंबरगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले. तिथे फोन गेटवर जमा करतात. मी चौदा वेळा फोन लावला.

तू रडलीस. हेही मी सांगितलं नव्हतं. बारीक आवाजात, पण रडलीस. मग तुझा श्वास कण्हल्यासारखा यायला लागला. फासळ्यांखाली खड्डा पडायचा. तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. म्हणाले, श्वासाचं मशीन लागेल, ते आमच्याकडे नाही. वापीकडे दोन ठिकाणी विचारलं, जागा नव्हती. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मिळाली.

कुणीतरी सोबत जायला हवं होतं. आजी वहिनीजवळून हलायला तयार नव्हती. मी एकोणीस वर्षांची होते, बारावी झालेली. आजी म्हणाली, "तू जा, तुला लिहिता-वाचता येतं." म्हणजे सही करायला.

गाडीत एक डॉक्टर मॅडम होत्या, लातूरकडच्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. हरेशभाऊ गाडी चालवत होते, धाकटी डहाणू गावचे कोळी. मॅडमनी मला ओढणी काढायला सांगितली आणि तुला माझ्या कुर्त्याच्या आत, छातीला लावून ठेवलं. वरून कापूस, प्लास्टिक, चादर. म्हणाल्या, "बाळ गार पडता कामा नये. आता तुम्हीच हिची काचेची पेटी." तुझ्या नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. तू इतकी हलकी होतीस की मी सारखी वाकून बघत होते, आहेस ना. तुझ्या कानांवर केस होते, काळे, मऊ. पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब होतं, अगदी दादासारखं. एकदा तू शिंकलीस. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "शिंकतेय म्हणजे भांडतेय."

चारोटीच्या नाक्याआधी गाड्या थांबलेल्या दिसल्या. हरेशभाऊंनी काच खाली करून समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला विचारलं. पुढे मेंढवणच्या खिंडीत टँकर पलटी झाला होता. पोलीस एकेक गाडी सोडत होते.

चारोटीला उजवीकडे वळलं की डहाणूचा रस्ता. मॅडमनी तिथल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, माझ्याकडे मोठं मशीन नाही, पण ऑक्सिजन आहे, ऊब द्यायची सोय आहे, बाळ आणा, मी सांभाळतो, रस्ता मोकळा झाला की पुढे न्या.

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मशीन मुंबईलाच आहे. पण खिंडीत किती वेळ जाईल सांगता येत नाही. मला वाटतं डहाणूला जावं. घरच्या कुणाशी बोलता येईल का?"

मी दादाला पुन्हा फोन लावला. बंद.

हरेशभाऊ मागे वळून म्हणाले, "ताई, डहाणू अर्ध्या तासावर आहे. मी पोचवतो."

आणि बाय, तेव्हा मी काय बोलले ते ऐक. मी म्हटलं, "आम्ही पाड्यातले म्हणून छोट्या ठिकाणी टाकताय ना? मोठ्या ठिकाणी जागा मिळालीय, तिथेच न्या. मी कुठे सही करणार नाही."

का बोलले असेन? माझे बाबा, तुझे आजोबा, असेच गेले. ताप डोक्यात गेला होता. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, इथे ठेवा, उद्या बघू, तिकडे न्या. चौथ्या दवाखान्याच्या पायरीवर गेले. मोठ्या ठिकाणी थेट नेलं असतं तर वाचले असते, असं आमच्या घरात कायम म्हणायचे. त्याच बोलण्यावर मी वाढले. मला वाटलं, या वेळी तरी मी बरोबर करतेय.

मॅडमनी आणखी एकदा समजावलं. मी मान हलवत राहिले. मग त्या हरेशभाऊंना म्हणाल्या, "चला पुढे."

त्यांनी तेव्हा माझं ऐकायला नको होतं, असं मला कितीदा वाटतं. त्या मला ओरडल्या का नाहीत? पण त्यांना दोष द्यायला लागले की माझीच मला किळस येते.

खिंडीत आम्ही सवा तास होतो. दोन्ही बाजूंना कंटेनर, पुढे कंटेनर. सायरन चालू होता, पण बाजूला व्हायला कुणाला जागाच नव्हती. हरेशभाऊ खाली उतरून पुढे चालत गेले, ट्रकची दारं वाजवत, एकेकाला सरकायला सांगत. त्यांनी दोन-तीन गाड्यांपुरती वाट करून घेतली. मग पुन्हा सगळं अडलं.

तू मात्र झगडत होतीस. एकदा डोळे उघडलेस. दोन्ही. राखाडी, निळसर, कुठेतरी माझ्या हनुवटीकडे बघत होतीस. मी म्हटलं, "बाय, मी आत्या. आई मागे आहे, येतेय." मग तुझा श्वास मधेच थांबायला लागला. मॅडमनी तुला माझ्यापासून काढून फळीवर ठेवलं, तोंडावर मास्क लावून रबरी फुगा दाबायला लागल्या. त्यांचा हात भरून आला की मी दाबायचे. "हळू," त्या सांगायच्या. "दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड." मी किती वेळ दाबला मला माहीत नाही. तुझी छाती माझ्या हातासरशी वर यायची आणि मला वाटायचं, चाललंय, हिचं चाललंय.

शेवटी मॅडमनी स्टेथोस्कोप लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. तेवढ्यात हरेशभाऊ धापा टाकत आले, दार उघडून म्हणाले, "मॅडम, सोडतायत, सोडतायत आता." मॅडम त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, सायरन बंद करा."

पाच मिनिटांत रस्ता मोकळा झाला. गाडी वळवायला आम्हाला मनोरच्या बाजूला पुढे जावं लागलं. तो सगळा मोकळा रस्ता मी तुला मांडीवर घेऊन बघितला.

तलासरीला परत आलो तेव्हा दादा दारात उभा होता, कंपनीच्या कपड्यांत. आजीने मला विचारलं, "वाटेत गेली?" आणि मी म्हटलं, "निघाल्या निघाल्याच. काही कळलं नाही तिला." मॅडम माझ्या मागेच होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि कागद करायला आत गेल्या. हरेशभाऊंनीही तोंड उघडलं नाही. त्यांना वाटलं असेल, पोरगी घरच्यांना जपतेय. मलाही तसंच वाटत होतं. खरं म्हणजे मी चारोटीचा नाका लपवत होते.

दादाने तुला त्याच संध्याकाळी ओहोळाच्या वरच्या अंगाला पुरलं. वहिनीचे टाके ओले होते, तिला उठता येत नव्हतं. तिने तुला पाहिलंच नाही.

कधी कधी मला तुझाच राग येतो. एवढी का झगडलीस? खरंच निघाल्या निघाल्या गेली असतीस, तर मी खोटी पडले नसते. असं मनात आलं की मी हातातलं काम टाकून बाहेर जाऊन उभी राहते. तुझी एकच गोष्ट मला मान खाली घालायला लावते, आणि ती म्हणजे तू जगायला बघत होतीस.

मी आता डहाणूला एका वाडीवर चिकू निवडायला जाते. त्या डॉक्टरांचा दवाखाना रस्त्यात लागतो. एकदा मी आत जाऊन बाकावर बसले. शेजारी बायका, मांडीवर पोरं, कुणाला ताप, कुणाला खोकला. एक अगदी बारकं बाळ होतं, कापडात गुंडाळलेलं, तुझ्याएवढंच. त्याची आई म्हणाली, वीस दिवस इथेच होतं, आता घरी नेतोय. कंपाउंडरने मला विचारलं, "तुमचा पेशंट कुठाय?" मी उठून बाहेर आले. त्या दिवशी कामावरही गेले नाही.

हे सगळं मी परवा वहिनीला सांगितलं. दवाखान्यातल्या बाकाचंही. तुझा भाऊ मातीत खेळत होता, तिचा हात त्याच्या पाठीवर होता. मला वाटलं होतं ती चारोटीवरून मला बोलेल. मला मारेल. मी त्याची तयारी केली होती.

ती म्हणाली, "मी किती वाजता शुद्धीवर आले?"

"बाराच्या सुमारास. आई सांगत होती."

"तेव्हा ती होती?"

"हो."

"खिंडीत?"

"हो. माझ्याजवळ."

"आणि तुझ्याकडे फोन होता."

मी मान हलवली.

"मग आईंना फोन का नाही लावलास? तिच्या कानाशी धरला असतास. मी हाक मारली असती तिला."

बाय, तीन वर्षांत मी त्या दिवसाची सगळी वळणं हजारदा घेतली. उजवीकडे वळले, डावीकडे वळले, मागे फिरले. पण हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. फोन माझ्या हातात होता. खिंडीत रेंज होती, मी दादाला लावतच होते. तू डोळे उघडले होतेस. तुझी आई जागी होती. तुला तिचा आवाज ऐकवता आला असता, आणि त्याला कुठलंही मशीन लागणार नव्हतं.

वहिनी मुलाला उचलून घरात गेली. भिंत तडकलीय म्हणून घरात बसायचं नाही असं ठरलेलं असतानाही आत गेली आणि दार लावून घेतलं.

आज दुपारी ती माझ्यासमोर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "रविवारी हे येतील. त्यांना तू सांग. मी सांगणार नाही." एवढंच. माझ्या ताटात भाकरी टाकली आणि गेली.

दादा अजूनही त्याच कंपनीत आहे, आता आठवडाभर तिकडेच राहतो. तुझ्या वेळी फोन लागला नाही म्हणून त्याला वाईट वाटायचं, पण लागला असता तरी काही झालं नसतं, असं माझ्या खोट्यानेच त्याला समजावलं होतं. रविवारी तेही मी काढून घेणार. चारोटीला मी त्याला पुन्हा फोन लावला होता, आणि फोन लागला असता तर तो 'डहाणूला ने' म्हणाला असता, हे त्याला आयुष्यभर वागवावं लागेल. त्याने काय भलं होणार आहे, मला माहीत नाही. कुणाचंच होणार नाही बहुतेक.

तरी सांगेन. तुला शब्द देते. तू रडलीस, शिंकलीस, डोळे उघडलेस, दुपारपर्यंत होतीस, सगळं सांगेन. चारोटीला मी काय बोलले तेही, त्याच शब्दांत. आणि वहिनी पुन्हा विचारेल तेव्हा तिलाही पुन्हा सांगेन. दहादा विचारलं तर दहादा. यापुढे तुझ्या त्या चार तासांतला एक क्षणही मी गाळणार नाही. तेवढंच तर होतं तुझ्याकडे, आणि मी तेही त्यांच्यापासून ठेवून घेतलं होतं.

तुझी आत्या,
वनिता