वेगळ्या नगरपालिकेचा भावी अध्यक्ष

३ जानेवारी
ठरलं. आमची चार गावं शहरातून बाहेर काढायची, स्वतंत्र नगरपालिका करायची. शहरात सामील होऊन अकरा वर्षांत गावांना मिळालं काय? वाढीव घरपट्टी आणि दारावर नंबराची पत्र्याची पट्टी. कृती समिती स्थापन. अध्यक्ष मी, एकमताने. सदस्य दोन: टेलर आणि कंपाउंडर. शाळेतून रिटायर झाल्यापासून सकाळ जात नव्हती, पण त्याचा इथे संबंध नाही.

२० जानेवारी
कलेक्टर ऑफिसात निवेदन दिलं. साहेबांनी उभ्याउभ्याच घेतलं. म्हणजे विषय तातडीचा वाटला.

९ मार्च
बायको म्हणाली, आधी मोरीचा नळ बदला. म्हटलं, एकदा नगराध्यक्ष होऊ दे, अख्खी पाइपलाइन बदलतो. ती बादली घेऊन शेजारी गेली.

२ जून, दुपारी २.१५
आमरण उपोषण सोडलं. बीपीची गोळी जेवणानंतरच घ्यायची असते. टेलर अजून बसलाय. त्याला कुठे बीपी आहे?

१४ ऑगस्ट
बैठकीला मी एकटाच. ठराव मात्र एकमताने झाला.

६ नोव्हेंबर
ऑफिसची एकविसावी फेरी. कारकून म्हणाला, काका, परत? ओळख वाढतेय. जिन्यात जरा टेकलो. हल्ली गुडघे ऐकत नाहीत.

२२ डिसेंबर
झाली! अधिसूचना निघाली! टेलर कात्री हातात घेऊनच धावत आला. भाषण लिहायला घेतलं. बायको म्हणाली, पडा थोडा वेळ, डोळे बघा कसे झालेत.

२४ डिसेंबर
नकाशा पाहिला. हद्द कालव्यावरून जाते. कालव्याअलीकडची बारा घरं शहरातच राहिली. त्यातलं सहावं आमचं. कारकून म्हणाला, हरकतींना महिनाभर मुदत होती काका, मसुदा बाहेर फळ्यावर लावला होता. म्हणजे मी ज्याला पाठ टेकून थांबायचो, तोच फळा.

३० मार्च
नव्या पालिकेची निवडणूक. उभं राहणं सोडा, मला तिथे मतसुद्धा नाही. टेलर नगराध्यक्ष झाला. तो म्हणाला, सर, ही खुर्ची तुमचीच होती. माझंही तेच मत आहे.

५ एप्रिल
उद्घाटन. मला पहिल्या रांगेत बसवलं, पुष्पगुच्छ दिला. निवेदकाने ओळख करून दिली: शेजारच्या शहरातून खास वेळ काढून आलेले पाहुणे. टाळ्या बऱ्या पडल्या. भाषण खिशातच राहिलं.
चालत घरी आलो. सात मिनिटं लागली.