आईच्या खाटेखालचा माईक

संगमनेर, ११ ऑगस्ट १९७२

मधू,

तू आईच्या खाटेखाली बसवलेल्या माईकची वायर मी काल तिच्यादेखत कापली. अंथरुणाला खिळलेल्या आईची हाक मला स्वयंपाकघरात ऐकू यावी, एवढ्यासाठीच तो होता. तिला सांगू नकोस, असं तुला मीच बजावलं होतं.

सोमवारी ती तिचं करायला येणाऱ्या लंकाबाईला म्हणाली, "पाठीला जखम झालीया. अक्काला सांगू नगं, शाळा बुडंल तिची."

मी तडक मलम घेऊन गेले.

"चोरून ऐकतीस व्हय गं?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. लंकाबाईला आधी खाटेखाली बघायला लावते, मग खुणेनं पाणी मागते. आता जीव घाबरला तरी ती हाक मारणार नाही.

लंकाबाई गेली की मी दारातच बसते. हे पत्र पेटीत टाकायलाही उठवत नाही.

तुझी
अक्का