डिस्कला मरण नाही

२ जून, सकाळी ११
दुकान उघडलं. व्हिडिओ गेमची चार मशीन, चार खुर्च्या, दोनशे डिस्क. गिऱ्हाईक नाही. लग्नसराई चालू आहे, सगळे गावोगाव गेलेत. काळजीचं कारण नाही.

५ जून
नागपूरच्या होलसेलवाल्याकडे नवीन डिस्क मागितल्या. म्हणाला, आता येत नाहीत. नव्या मशीनला डिस्क घालायची फटच नसते. महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्यायचं. गेम कुठल्यातरी दूरच्या कंप्युटरवर चालतो, आपल्या टीव्हीवर नुसता दिसतो. मी हसलो. आदिलाबादेत हे चालणार? आमच्या घरात तर मोबाइलवर नेटही लागत नाही. दिवाळीपर्यंत सगळे डिस्ककडे परत येतील, असं त्याला ठणकावलं. त्याने फोन आधीच ठेवला असावा.

११ जून
गल्लीत फायबरचं इंटरनेट आलं. बायकोने, रंजीताने, मला न विचारता वरच्या मजल्यावर, घरात, कनेक्शन घेतलं. लेकीची, उत्कर्षाची, इंजिनिअरिंगची ॲडमिशन ऑनलाइन आहे म्हणे. घेऊ दे. दुकानात मात्र ती वायर येणार नाही. तत्त्व आहे.

१५ जून, रविवार
निहार भाजीबाजारात भेटला. बँकेत आहे. नऊ वर्षं दर रविवारी यायचा, दोन महिने दिसला नव्हता. म्हणाला, "घरीच खेळून राह्यलो काका. तुमी बी घेऊन टाका ना." वांगी न घेताच परत आलो.

२२ जून
टूर्नामेंट. पोस्टर पार तलमडुगु गावापर्यंत लावली होती. एक माणूस आला. झेरॉक्स मिळते का, विचारून गेला.

२४ जून
रंजीता म्हणते, शटर लावा, तिच्या थोरल्या भावाच्या, चंपतरावदादांच्या, बियाण्याच्या दुकानात बसा. मी सांगितलं, एक महिना दे. ती म्हणाली, मार्चमध्येबी हेच म्हनले होते.
झोप येत नाही.

२९ जून, दुपारी ४
लोक डिस्क विसरलेत. आठवण करून द्यायला हवी. गल्लीची फायबरची वायर आमच्या गच्चीवरून जाते. पक्कड घेऊन गेलो. एकच दिवसाचा प्रश्न आहे. कोणाचं काय बिघडतं?

दुपारी ४.४०
निहार आला. आणखी दोघांना घेऊन आला. उदबत्ती लावली.

संध्याकाळी ५.१५
मशीन बरेच दिवस बंद होतं. डिस्क घातली तर पडद्यावर आलं: अपडेट करा, इंटरनेट जोडा. चारही मशीनचं तेच. तिघं अर्धा तास उभे राहिले, मग गेले. निहार माझ्याकडे न बघता गेला.

रात्री ८
साडेपाचला वर गेलो तेव्हा उत्कर्षा लॅपटॉपसमोर बसली होती. कॉलेजचे ऑप्शन भरायचा शेवटचा दिवस होता. सहापर्यंतच. यादीतल्या चाळीसपैकी बाराच भरले होते. मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे रंजीताने दोनदा सांगितलं होतं. उत्कर्षाला गाडीवर बसवून नेटसाठी चंपतरावदादांच्या घरी नेलं. पोचलो तेव्हा सहाला पाच कमी. साइट उघडलीच नाही. येताना मीच बोलत होतो. सर्व्हर असेच असतात, वगैरे.

३० जून
फायबरवाला रामाजी आला. माकडांनी तोडली असेल, म्हणाला. मीही म्हटलं, माकडंच.

१२ जुलै
पहिल्या फेरीत सीट नाही. तिच्यापेक्षा कमी रँकवाल्या मैत्रिणीला मिळाली. तिने सगळे ऑप्शन भरले होते. रंजीता स्वयंपाकघरात रडली. दुसरी फेरी असते, असं मी तीनदा म्हणालो.

१३ जुलै
उत्कर्षाला गच्चीवर नेऊन सांगितलं. वायर मी तोडली.
ती म्हणाली, "मले माहीत होतं बाबा. तुमाले पक्कड घेऊन उतरताना पाह्यलं."
मग रामाजीला तेव्हाच फोन काऊन केला नाहीस, विचारलं.
म्हणाली, "करतच होते. पन खाली तुमच्या दुकानात तिघं जण दिसले. म्हनलं, त्यांचं खेळून होऊ द्यावं."
खेळलं कोणीच नव्हतं. ते मात्र मी तिला सांगितलं नाही.