फ्यूज आणि सुलाचं मशीन

२ एप्रिल, संध्याकाळ
मेन फ्यूज पुन्हा उडाला. जिन्याखाली मीटरजवळ गेलो, फ्यूजचा किटकॅट उपसला, नवी तार भरली. खालच्या सुवर्णाताई दारातून म्हणाल्या, सावळीरामभाऊ, वायरमन बोलवा की. हसू आलं. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाने वायरमन बोलवायचा! माझं खातं कोळशाचं होतं, मान्य. पण कोळशाशिवाय वीज होते का?
कुठेतरी लपलेला फॉल्ट आहे. उद्या दुपारपर्यंत विषय संपवतो.

३ एप्रिल
सकाळी झोपाळ्यावर बसून प्लॅन आखला. झोपाळा नवा आहे, रिटायर झाल्याबद्दल मीच मला दिलेला. हॉलच्या स्लॅबला भोकंही मीच पाडली. दोन झोके घेतो न घेतो तोच फ्यूज गेला. त्या वेळी काय चालू होतं? सुलाचं शिलाई मशीन, मोटरवालं. संशय पक्का.
सुलाला सांगितलं, मशीन बंद. ती म्हणाली, जयंती तोंडावर आलीये, महिला मंडळातल्या सगळ्यांचे ब्लाउज माझ्याकडे आहेत. मी म्हणालो, तपास म्हणजे तपास. प्लग काढून टाकला. मग ती म्हणाली, अहो, त्या झोपाळ्याकडे बघा जरा. मी म्हणालो, झोपाळ्याला प्लग असतो का? बायकांना टेक्निकल गोष्टी समजावणं अवघड.

५ एप्रिल
मशीन बंद, तरी फ्यूज गेला. म्हणजे मशीनने आधीच वायरिंगची वाट लावून ठेवली आहे. मशीन बंदच राहणार.
सुला दिवसभर खिडकीत बसून हाताने शिवत होती. जेवताना तिच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली दिसली. म्हटलं, थोडा धीर धर. तिने सुईत नवा दोरा ओवला. समजूतदार आहे.

६ एप्रिल
सुला अंबडला गेली, लेकीकडे. जावई राकेश बाइक घेऊन आला होता. कापडाचं गाठोडं मांडीवर घेऊन गेली. कारण उघड आहे, उकाडा. पंख्याशिवाय कोण राहील? फॉल्ट सापडला की येईल. ती तसं म्हणाली नाही, पण तिच्या मनातलं मला कळतं.
जाताना एवढंच म्हणाली, भाजी फ्रिजमध्ये ठेवू नका, नासेल.

८ एप्रिल
आज शास्त्रशुद्ध तपास. फ्यूजच्या जागी बल्ब लावला. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो. एकेका खोलीची वायर सोडून पाहिली, बल्ब मंदच. कुठेच शॉर्ट नाही! केस खलास. फ्यूज परत बसवला, चहा केला, कप घेऊन झोपाळ्यावर टेकलो. पायाने जरा रेटा दिला, तोच पंखा थांबला.
चहा अंगावर सांडला. फॉल्ट फार धूर्त आहे.

१० एप्रिल
फ्रिज, मिक्सर, टीव्ही, सगळे सोडवले. घरात आता एक पंखा आणि एक ट्यूब. झोका घेत विचार करत होतो, पुन्हा अंधार. आता संशय सुवर्णाताईंवर. आमच्या लाइनवर तुम्ही काही जोडलंय का, असं त्यांना सरळ विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं. अपराधी माणूस असंच वागतो.
पिंकीचा फोन आला. आईला शेजारणीचं मशीन मिळालंय, डोकं वर काढायला वेळ नाही म्हणे. मी म्हणालो, तिला सांग, तपास अंतिम टप्प्यात आहे. पिंकी म्हणाली, बाबा, एकदा आईलाच विचारा ना. विचारू की, सापडला की.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी विहारात वंदनेला जाऊन आलो. मग घर झाडलं, सुलाची खुर्ची पुसली, साखर आणली. संध्याकाळी मिरवणूक खालून गेली. मंडळाच्या सगळ्या जणी पांढऱ्या साड्यांत, निळ्या ब्लाउजांत. एकाही ब्लाउजला कुठे चुणी नाही. मधोमध सुला. मी बाल्कनीतून हात केला, तिनेही केला. आत येऊन चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं.
परत बाल्कनीत आलो तेव्हा ती रिक्षात बसत होती. गर्दीत तिला जिन्यापर्यंत येता आलं नसेल. पाणी आटून गेलं.

१७ एप्रिल
शेवटी फोन केला. विचारलं, सुला, फ्यूज नेमका कधी जातो गं? ती म्हणाली, तुम्ही झोपाळ्यावर बसलात की. किती वेळा सांगितलं. आवाज चढवला नाही तिने. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
मेन बंद करून झोपाळा उतरवला. मी ठोकलेला बोल्ट स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात घुसला होता. पंख्याच्या वायरी सोलल्या होत्या. झोका घेतला की त्या एकमेकींना चिकटायच्या. वायरीचा तेवढा तुकडा बदलला. मग फ्रिज, टीव्ही, पंखे, गीझर, सगळं एकदम लावलं. फ्यूज टिकला!
लगेच पुन्हा फोन. म्हटलं, सापडला, आता ये. ती म्हणाली, बरं झालं. मी म्हटलं, कधी येतेस? ती म्हणाली, मी लाइटसाठी गेले नव्हते.
रेंज खराब असावी. नीट ऐकू आलं नाही.

२० एप्रिल
राकेश टेम्पो घेऊन आला, मशीन न्यायला. सुलाने पिंकीच्या गल्लीत शिवणकामाला खोली घेतली आहे. ती वर आली नाही, टेम्पोजवळ उभी राहिली. मशीन जड. राकेशला एकट्याला ते जिन्यावरून उतरवेना, म्हणून एक बाजू मी धरली. खाली सुलाने त्यावर चादर टाकली, दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली. मग मला म्हणाली, वेळेवर जेवत जा. मी म्हणालो, हो.
जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं. इतके दिवस फॉल्टवर बोललो, एवढंच बोलता आलं नाही. टेम्पो वळला तरी मी तिथेच उभा होतो.
वर येऊन हमसून हमसून रडलो. दार उघडंच राहिलं होतं. सुवर्णाताईंना ऐकू गेलं असेल. जाऊ दे.